दहा मिनिटांचा शनिवार

सकाळी सहा

उठल्याबरोबर थर्मोस्टॅट चार अंश वर चढवला. न्यू जर्सीत ऑक्टोबर सरत आला की पहाटे चांगलंच गारठतं, आणि नऊ वाजता मला फर्नेस बंद करायचा असतो. त्याच्या पंख्याची घरघर आपले कान दोन दिवसांत विसरतात, मायक्रोफोन विसरत नाही. तोवर घर तापून राहिलं तर दुपारपर्यंत मुलांची बोटं आणि गळे उबेत राहतात. या कोरड्या उबेनं तबल्याची पुडी ताणून वर चढते, पण ती काळजी तबलजीची.

आज तीन मुलं यायची आहेत. दोघांचं रेकॉर्डिंग ठरलेलं आहे, तिसऱ्याचं ‘बघू या’. तिघंही बारावीत, तिघांचीही कॉलेजच्या अर्जाची मुदत एक नोव्हेंबर. एरवी माझ्याकडे कुणी इतक्या लगबगीनं गाणं मागत नाही.

चहा उकळेपर्यंत तानपुरा लावला. रोजच्या शिकवणीला फोनमधला तानपुरा चालतो. रेकॉर्डिंगला मी खराच घेते, कारण ठरावीक वेळानं जसाच्या तसा फिरून येणारा आवाज चांगल्या हेडफोनमध्ये उघडा पडतो. ऐकणारा माणूस संगीताचा प्राध्यापक असणार, त्याला ते पहिल्या मिनिटात कळेल. सूर काळी चार. जवारीचा दोरा एका तारेखाली काही केल्या बसेना, म्हणून चहा दुसऱ्यांदा गरम केला.

सात

भारतातून आलेल्या आईबाबांना हे प्रकरण दरवर्षी नव्यानं समजावून सांगावं लागतं. इथल्या कॉलेजांचे बरेच अर्ज ‘कॉमन ॲप’वरून जातात, हजाराहून अधिक कॉलेजं त्यात आहेत. मार्क, निबंध, शिफारसपत्रं आणि दहा रकान्यांची उपक्रमांची यादी. प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनाला दीडशे अक्षरांची जागा, मोकळ्या जागा धरून. पहिलीपासून चाललेलं गाणं त्या दीडशे अक्षरांत कोंबायचं. त्यात न मावणाऱ्यासाठी काही कॉलेजं वेगळी वाट ठेवतात, ती म्हणजे म्युझिक सप्लिमेंट. प्रिन्स्टन, येल, एमआयटी अशा ठिकाणी दहाएक मिनिटांचं ध्वनिमुद्रण, संगीताचा बायोडेटा आणि गुरूचं पत्र घेतात. बहुतेक कॉलेजं ते ‘स्लाइडरूम’ नावाच्या संकेतस्थळावरून मागवतात, थोडी फी घेऊन. उलट कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं साध्या अर्जासोबत यातलं काहीच घेत नाहीत. तिथे संगीत हाच मुख्य विषय घेणाऱ्यांची परीक्षा निराळी. स्टॅनफर्डला कलेचं सामान अर्जाच्याही आधी द्यावं लागतं, आणि दरवर्षी कुणाच्या तरी घरी हे उशिरा कळतं.

ज्युलियार्डसारख्या संगीतशाळेची ‘प्रीस्क्रीन’ हा आणखी तिसरा प्रकार. तिथे कोणत्या काळातली कोणती रचना वाजवायची ते त्यांनीच ठरवलेलं असतं, आणि ती मुलं पुढे संगीतावरच पोट भरणार असतात. माझ्याकडची पोरं कॉम्प्युटर, बायोलॉजी, इकॉनॉमिक्स करणारी. त्यांचं गाणं हा अर्जातला आणखी एक कागद, पण जिवंत कागद.

सव्वानऊ

पहिली मुलगी आईबरोबर आली. आईच्या हातात इस्त्री केलेली पैठणी.

“ताई, व्हिडिओ आहे ना, म्हणून म्हटलं...”

“अगं, ती साडी सांभाळील की श्वास?”

मुलगी साध्या कुर्त्यातच बसली. कॅमेऱ्याला दिसायला हवं ते एवढंच, की गाणारी हीच आहे आणि मध्ये कुठे कापाकापी नाही. एक रचना म्हणजे एक सलग टेक. चांगली तान एका टेकमधून आणि सम दुसऱ्यातून उचलून जोडणं म्हणजे परीक्षेत कॉपी करणं. कॉलेजं ते स्पष्ट लिहितात आणि मीही मान्य करत नाही. स्टुडिओ, दिवे, तीन कॅमेरे यांवर डॉलर ओतणारी घरं मला माहीत आहेत. कॉलेजांना त्याची गरज नसते, घरचं स्वच्छ रेकॉर्डिंग पुरतं. फक्त फोनचा स्वतःचा माइक वापरू नये. तो हळू आवाज वर ओढतो आणि मोठा दाबतो, म्हणजे मुलीनं वर्षभर कमावलेला लहान-मोठा सगळा आवाज एका पातळीवर येऊन बसतो. मी साधा हातात मावणारा रेकॉर्डर गायिकेपासून हातभर लांब ठेवते, पेटी त्याच्या मागच्या बाजूला, चित्र तेवढं फोनवर.

खोली वरच्या मजल्यावरची. जमिनीवर कार्पेट, कपाट कपड्यांनी गच्च भरलेलं आणि दार उघडं. कपड्यांचं कपाट आवाज पिऊन घेतं. हॉलमधल्या काचा आणि लाकडी जमीन तो उडवून लावतात.

साडेनऊला तबलजी आला. आठवडाभर औषध कंपनीत आकडेमोड करणारा पोरगा, शनिवारी हातोडी घेऊन गठ्ठ्यांवर बसतो. “ताई, तुमच्या घरात तबला पांढरी सहाकडे पळतोय,” म्हणाला, आणि ठोकठोक सुरू.

दहा

जौनपुरी. या रागाची निवड उन्हाळ्यातच झाली होती, आणि त्यावर वादही. मुलीच्या बाबांचं म्हणणं, काहीतरी ‘वेगळं वाटेल’ असं द्या, तोडी द्या, मारवा द्या. बिचाऱ्या प्राध्यापकाला रोज तेच मेजर-मायनर ऐकून कंटाळा आला असेल. मला हा विचार पटत नाही. तिचा तोडी अजून कच्चा आहे. कोमल गंधार जागेवर लागला नाही तर तो नवखेपणा ऐकणाऱ्याला राग न कळताही जाणवतो. सूर खरा की डळमळीत, हे ओळखायला भारतीय असावं लागत नाही. जौनपुरी तिच्या गळ्यात मुरलेला आहे. आणि वेळही दिवसाच्या दुसऱ्या प्रहराची, म्हणजे निदान या बाबतीत तरी माझं मन स्वस्थ.

खरा प्रश्न दहा मिनिटांचा. दोन वेगळ्या प्रकृतीच्या रचना हव्यात, म्हणजे पहिलीला सहा-साडेसहा मिनिटं. विलंबित एकतालातलं एक आवर्तन मिनिटभर चालतं. बडा ख्याल घेतला तर प्राध्यापकाच्या हाती पाच-सहा समा लागणार आणि राग उंबऱ्यातच उभा राहणार. काही शिक्षक बड्या ख्यालाचा तुकडा कापून देतात. मला ते जेवणाचं ताट दाखवून उचलून नेल्यासारखं वाटतं. लहान जागेसाठी लहान बांधणीच हवी.

आणि आपल्याला ती नवी नाही. 1902 साली फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मुद्रित करायला बसला तेव्हा तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटंच मावत होती. मैफलीत तासभर गाणारी बाई त्यात राग उभा करून, तान घेऊन, सम गाठून मोकळी होत असे, आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत असे, कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोवरला, आणि तिथल्या कारागिराला लेबलावर कुणाचं नाव घालायचं ते कळायला हवं. अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर हे सगळे त्याच मापात गायले आणि रसिकांनी त्या तबकड्या झिजेपर्यंत ऐकल्या. म्हणून ‘आमचं शास्त्रीय संगीत दहा मिनिटांत मावतच नाही’ असं कुणी पालक अभिमानानं म्हणाले, की मी या मुलांना त्या तबकड्या ऐकायला लावते. तिप्पट वेळ मिळालाय तुम्हाला.

तर बेत असा: पाऊण मिनिट आलाप, मध्यलय तीनतालातली बंदिश, स्थायीवर चार आलाप, बोलांशी थोडा खेळ, अंतरा, मग ताना, चढत्या लांबीच्या. सगळ्यात महत्त्वाचं पहिलं मिनिट. ऐकणाऱ्यापुढे अशा कित्येक फायली असतात, शेवटपर्यंत ऐकण्याचं बंधन त्याच्यावर नाही. उत्तम तान आठव्या मिनिटाला राखून ठेवणं ही मैफलीतली हुशारी, इथे ती वाया जाते. आलापातच तिचा षड्ज किती स्थिर आहे ते दिसायला हवं.

पहिला टेक चांगला चालला होता. चौथ्या मिनिटाला शेजाऱ्याचा लीफ ब्लोअर सुरू झाला. न्यू जर्सीतला शनिवार, अंगणात ओकची पानं आणि प्रत्येक घरी ते यंत्र. तबलजी हसला, मुलीनं डोळे मिटून घेतले. मी खाली जाऊन शेजाऱ्याला विनवलं. भला माणूस, म्हणाला, तासभर मागच्या अंगणात काम करतो. मागचं अंगणही तेवढंच जवळ आहे हे त्याला कोण सांगणार.

सव्वाअकरा

चांगला टेक मिळाला. तो सर्वांत निर्दोष नव्हता. एका तानेत ती जराशी घसरली आणि त्याच श्वासात उठून समेवर आली, तबलजीनं मान डोलावली ती त्या जागेला. आईला आधीचा टेक हवा होता, त्यात चूक नव्हती. त्यात जीवही नव्हता. निवड मुलीवर सोपवली. हेडफोन लावून तिनं दोन्ही ऐकले आणि म्हणाली, “ताई, दुसऱ्यात मी ऐकत होते. पहिल्यात मी आठवत होते.” तेवढ्यावर आईचा विरोध संपला.

दुसरी रचना हंसध्वनीतला तराणा, द्रुत एकताल. आईला नाट्यगीत हवं होतं, तेही जोमदार असतं हे खरं. पण नाट्यगीताची निम्मी गंमत शब्दांत आणि नाटकातल्या प्रसंगात, आणि ती इथे वर्णनाच्या दोन ओळींत समजावून सांगावी लागली असती. तराण्यात समजावण्यासारखं काही उरत नाही. लय, सूर आणि जिभेची तयारी, सगळं कानावर. शिवाय पाचच सुरांचा राग, नवख्या कानालाही लगेच धरता येतो. भेंडीबाजारच्या अमान अली खाँसाहेबांनी दक्षिणेकडून आणून हिंदुस्थानीत रुजवलेला हा राग रात्रीचा, आणि आम्ही तो भर उजेडात गात होतो. पडदा ओढून घेतला. त्यानं काय होतं ते मला विचारू नका, मला बरं वाटलं.

बारा

तबल्याचा विद्यार्थी. हा तबलजीचा चेला. मी फक्त लेहऱ्याची पेटी वाजवणार, चंद्रकंसातला लेहरा, सोळा मात्रा, पुन्हा पुन्हा तोच. तबला सोलोत पेटीवाल्यानं स्वतःला जितकं विसरावं तितकं चांगलं.

त्याची अडचण वेगळी. गाणं न समजणाऱ्यालाही गाणं वाटतं. पेशकार, कायदा, रेला हे न समजणाऱ्याला नुसतं जलद वाजवणं वाटतं. कायद्यात एकच वाक्य घेऊन त्याचे पलटे करत जायचे, बाहेरचा बोल आणायचा नाही, ही शिस्त कशी दाखवायची? तबलजीला उपाय सुचला होता तो पढंतीचा. मुलगा हातावर ताल धरून आधी कायद्याचे बोल म्हणतो, मग तेच वाजवतो. पुढे चक्रदारही तसाच. तोंडून आलेलं वाक्य आणि हातातून आलेलं वाक्य एकच आहे हे दहा सेकंदांत कुणालाही कळतं, आणि मग तो पलट्यांत फरक शोधायला लागतो. कॅमेरा थोडा वरून, दोन्ही हात आणि दोन्ही शाया दिसतील असा. चेहरा दिसला नाही तरी चालेल असं मी म्हटलं, तर पोरगा म्हणाला, “आईला चालणार नाही.”

दुसऱ्याच टेकला काम झालं. लय थोडी कमी ठेवली होती, ती कमी ठेवली म्हणूनच.

दोन

जेवण. वरणभात, मुलीच्या आईनं आणलेल्या सुरळीच्या वड्या. तबलजी झोपायला पळाला.

अडीच

तिसरा मुलगा वडिलांबरोबर. हा प्रसंग दरवर्षी येतो आणि मला तो रेकॉर्डिंगपेक्षा जास्त दमवतो.

मुलगा माझ्याकडे पेटी शिकायला यायचा, नववीत सोडलं. वाजवतो नीटनेटकं, पुढे गेलेला नाही. वडील समजूतदार, पण अर्जाच्या मोसमात समजूतदार माणसंही यादीत ओळी वाढवत बसतात.

“ताई, पाठवून तर ठेवू या. नुकसान काय आहे?”

“अहो, नुकसान आहे.”

कॉलेजं स्वतः लिहितात, खरोखर लक्षणीय तयारी असेल तरच पाठवा. कित्येक ठिकाणी हे ध्वनिमुद्रण संगीत विभागाकडे जातं, तिथला प्राध्यापक ऐकून शेरा देतो, आणि तो शेरा फायलीत लागतो. बाकीची फाइल उत्तम असताना त्यात ‘साधारण’ असा एक कागद आपणच हौसेनं का घालायचा? उपक्रमांच्या यादीत पेटीची एक ओळ आहे, ती तिथे शोभते. तिला पुरावा जोडला की ती लहान होते. न पाठवल्याबद्दल कुणाचे गुण कापत नाहीत.

वडील गप्प बसले. मुलगा मात्र मोकळा झालेला दिसला आणि सहज म्हणाला, “ताई, तुमच्या पेटीचा तो खालचा पंचम अजून चढलाय?” चढला होता. गेल्या वर्षी यानंच माझ्या जुन्या पेटीचं झाकण उघडून दोन स्वर लावून दिले होते. पितळी जीभ टोकाजवळ खरवडली की स्वर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. हे त्यानं कुठून तरी शिकून घेतलं, मग भात्याची गळती शोधली, पुढे ओळखीतल्या कितीतरी पेट्या दुरुस्त केल्या. फोनवर प्रत्येक स्वराच्या कंपनसंख्येची आधीची आणि नंतरची टिपणं आहेत.

“हे कुठे लिहिलंयस?”

“कुठेच नाही. ते म्युझिक थोडीच आहे?”

याला एमआयटीत जायचंय! तिथे संगीताच्या पोर्टफोलिओखेरीज ‘मेकर पोर्टफोलिओ’ नावाचा प्रकार आहे, स्वतःच्या हातानं काही घडवणाऱ्या मुलांसाठी. तासभर आम्ही तिघं जमिनीवर बसलो, पेटी उघडी, आणि तो काय काय करतो याचे फोटो वडीलच काढत होते. पंचमही लागला.

चार

पत्रं. गायिकेसाठी आज लिहायचं. गुरूच्या पत्राचं मोल मोठं असतं, कारण ऐकणाऱ्याला रेकॉर्डिंगबाहेरची मुलगी त्यातूनच दिसते. आपल्याकडची स्तुती इथे कामाची नाही. ‘साक्षात सरस्वती’ असं लिहिलं तर वाचणारा पुढच्या ओळीवर जातो. मी लिहिलं ते असं: बंदिश ऐकून ती स्वतः स्वरलिपीत उतरवते, भातखंडे पद्धतीनं, लहान मुलांच्या वर्गाला तीच पलटे घालते, राग चुकला तर स्वतः थांबते, मी थांबवायच्या आधी. शिवाय ‘विशारद’ म्हणजे काय तेही लिहावं लागतं. बायोडेटात तो शब्द एकटा उभा असतो आणि न्यू हेवनमधल्या, म्हणजे येलच्या माणसाला त्याचा बोध होत नाही. म्हणून दोन वाक्यं: विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला सुरू केलेल्या गांधर्व महाविद्यालयाच्या परंपरेतल्या मंडळाची ही परीक्षा, टप्प्याटप्प्यानं दिलेली, गाणं आणि लेखी दोन्ही.

सहा वाजता आईचा फोन, “ताई, पत्र बघायला मिळेल का?” नाही मिळणार. 1974 च्या इथल्या कायद्यानं प्रवेश घेतलेल्या मुलांना अशी पत्रं बघण्याचा हक्क आहे आणि अर्ज भरताना बहुतेक मुलं तो सोडून देतात, म्हणजे पत्र मोकळेपणानं लिहिलंय अशी वाचणाऱ्याची खात्री पटते. तिच्या मुलीनंही सोडलाय. “पण चांगलंच लिहिलंय ना?” हो गं बाई, खरं लिहिलंय.

साडेसहा

आणखी एक फोन. ओळखीतून नंबर मिळालेले गृहस्थ, मुलगा व्हायोलिन वाजवतो, मॅक्स ब्रुखचा जी मायनर कंचेर्टो. ऑर्केस्ट्राचा तयार ट्रॅक लावून वाजवलं तर चालेल का? हा प्रांत माझा नाही, पण एवढं माहीत आहे की पियानोवाल्याबरोबर वाजवलेलंच बरं. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही, आणि दोन माणसं एकमेकांचा श्वास ऐकून वाजवतात हेच तर प्राध्यापकाला ऐकायचं असतं. पियानोवाले या दिवसांत तासावर पैसे घेतात आणि तरी मिळत नाहीत, म्हणून आत्ताच फोन करा म्हटलं. तबलजीला मी वरणभातावर बसवते हे त्यांना सांगितलं नाही.

आठ

मुलगी लॅपटॉप घेऊन परत आली, अर्ज तिनंच भरायचा, मी शेजारी. फाइल चढायला वेळ लागतो तोवर रकाने. रचनेचं नाव, संगीतकार, वर्ष.

संगीतकार या रकान्यापाशी आपली सगळी मुलं अडतात. बंदिशीत सदारंगाची मुद्रा असेल तर बेधडक लिहावं, नियामत खाँ ‘सदारंग’, अठरावं शतक, मुहम्मदशाहाचा दरबार. मोत्सार्टच्याही आधीचा माणूस आहे, दबून कशाला राहायचं! आजच्या जौनपुरीत मुद्रा नव्हती. तिथे ‘पारंपरिक’ आणि पुढे वर्णनात: रचना सोळा मात्रांची, छापील ओळी दोनच, बाकीचं आलाप आणि ताना गायिकेनं गाताना रचलेलं. हे वाक्य मी प्रत्येकाला लिहायला लावते. ते नसेल तर ऐकणारा समजतो की साडेसहा मिनिटं पाठ केलेलं गाऊन दाखवलं, आणि मुलीच्या हातात जी खरी गोष्ट आहे तीच फायलीत दिसत नाही.

तिनं टंकलं, खोडलं, पुन्हा टंकलं. मग विचारलं, “ताई, ॲडमिशन मिळाली तर तिथे गाणार कुणाबरोबर?” पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ‘पेन मसाला’ 1996 पासून आहे आणि तिच्या वाटेनं इतर कॉलेजांतही तसे देशी गट उभे राहिले, ते तिला ठाऊक होतं. तिला तबला हवा होता. तबलजीचा चेलाही तिच्याच कॉलेजला अर्ज करतोय हे मी सांगितलं. तिनं ते आधीच शोधून काढलं होतं असं दिसलं.

दहा

फाइल चढली, पोचपावतीची ईमेल आली. निकाल डिसेंबरच्या मध्याला.

आईचा संदेश: सप्लिमेंट झालं, आता परीक्षा संपेपर्यंत क्लास बंद ठेवू का?

उत्तर लिहिलं: सोमवारी सात वाजता पाठव. विलंबित सुरू करायचंय.